काळ्या चंद्रकळेचं ठिगळ

त्या गोधडीला नंतर मुंबईच्या लोकांनी कला म्हटलं. एका मोठ्या सभागृहाच्या भिंतीवर टांगली, खाली पाटी लावली आणि पाटीवर 'सामूहिक निर्मिती' असं लिहिलं. मला ते वाचून हसू आलं आणि रागही आला. चिमाबाईला कोणी कलावंत म्हटलं असतं तर तिने पदर तोंडाला लावून विचारलं असतं, "म्हंजे मी काय तमाशामा नाचस का?"

मी मूळची गुहागरची. सिल्वासाच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून चौऱ्याऐंशी साली आले आणि डोकमर्डीत खोली घेतली. आमच्या रांगेत कारकून, मास्तर, तलाठी अशी कोकणातली आणि मुंबईची मंडळी. मागची चाळ खानदेशातून आलेल्यांची. त्यांचे पुरुष सायलीच्या कारखान्यांत सुताच्या यंत्रांवर पाळ्या करत. दोन्ही रांगांच्या मध्ये एक अंगण होतं, पाण्याचा नळ होता आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या. त्या दोऱ्या लक्षात ठेवा. सगळा घोटाळा तिथूनच झाला.

चिमाबाई शिंदखेड्याकडची. हाडापेराने मजबूत, आवाज असा की नळावर बोलली तर मला वर्गात ऐकू यावा. आमची पहिली ओळख भांडणातून झाली. तिने गोधडी धुऊन माझ्या दोरीवर टाकली आणि माझ्या पांढऱ्या साडीला लाल रंग लागला. मी तोंडाला येईल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "बाई, साडी दे. तिनी गोधडी शिवी देस." आणि खरंच शिवून दिली. ती गोधडी आजही माझ्याकडे आहे.

गोधड्या शिवणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. लोक जुनी लुगडी, धोतरं आणून देत. ती अंगणात थर पसरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची आणि कडेपासून आत धावदोरा घालत सरकायची. शेवटी मधोमध एक लहानसं तोंड उघडं ठेवायची. त्यात भाकरीचा तुकडा आणि हळदीकुंकू घालायचं, मग ते शिवून टाकायचं. तिच्या आईची रीत होती ती. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही, असं ती म्हणायची. भाकर ज्याची गोधडी त्याच्या घरची. हा तिचा नियम होता आणि त्यात ती कोणाचं ऐकत नसे.

तिचा नवरा नथू सायलीला कामाला होता. मी आले तेव्हा तो खोकत होता. त्याला क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या, दोनेक महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस चढलं, गडी पुन्हा कामावर गेला. गोळ्या बंद केल्या. वर्षभराने खोकला परत आला तो रक्त घेऊन, आणि या वेळी गोळ्यांनी काही दाद दिली नाही. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात तो गेला. चाळीत सांगितलं गेलं की दम्याने गेला. टीबी हा शब्द त्या चाळीत कोणी मोठ्याने उच्चारत नसे. ज्या घरात तो उच्चारला जाई त्या घरचं पाणी बंद व्हायचं, आणि आजारी पडलेली सून असली तर तिला माहेरी धाडायचे. एक पोर अशी गेली ती परत आलीच नाही.

नव्वद साली डॉक्टर रोहिणी आली. मुंबईची, चष्मेवाली, चालायला घोड्यासारखी चपळ. औषधं घेणारे मधेच का सोडतात याचा तिला अभ्यास करायचा होता. वर्षभर ती दारोदार फिरली. रांधा गावापासून सायलीपर्यंत एक घर तिने सोडलं नसेल. आणि वर्षाच्या शेवटी तिने एक गोष्ट केली, ज्यासाठी मी तिला मनापासून मानते. ती म्हणाली, "या लोकांनी मला सगळं सांगितलं. आता मला जे सापडलं ते मी आधी त्यांना सांगणार, मग मुंबईला."

माझ्या वर्गात बायकांची सभा भरली. रोहिणीने फळ्यावर कागद लावला. कागदावर उभे पट्टे होते, पहिला उंच, दुसरा त्याहून कमी, असे उतरत उतरत शेवटचा अगदी बुटका. पहिल्या महिन्यात किती जण गोळ्या घेत होते, दुसऱ्या महिन्यात किती उरले, शेवटी किती, असं ते होतं. तिने समजावून सांगितलं. बायका मन लावून ऐकत होत्या. मग सरुबाई उठली. सरुबाई म्हणजे चाळीतलं वजनदार माणूस, तिचा शब्द खाली पडत नसे. ती समाधानाने म्हणाली, "चांगलं शे व माय! कमी व्हयी ऱ्हायनं ना दुखनं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पट्टे उतरत होते, म्हणजे आजार उतरत होता. रोहिणीचा चेहरा पाहवेना. पण ती हट्टी होती, तिने कागद गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "मग तुम्ही हे कसं दाखवाल?"

चिमाबाई मागे दाराशी बसली होती. ती म्हणाली, "मले चित्र येत नई. पन अर्धी सोडेल गोधडी मी दखाडू शकस."

तिथून ते सुरू झालं. दोघी आठवडाभर माझ्या खोलीत डोकी लावून बसल्या आणि चहा करून करून माझा जीव गेला. ठरलं ते असं. चिमाबाईने एक मोठी, जाड, साधी गोधडी तयार करायची. ज्यांच्या घरात आजार आहे त्यांनी आजाऱ्याच्या अंगावरच्या कपड्याचा एक तुकडा द्यायचा. तुकडा गोधडीवर फक्त वरच्या कडेने टाचायचा, खालून मोकळा. एक महिना गोळ्या झाल्या की त्यावर धावदोऱ्याची एक ओळ. पुढचा महिना झाला की त्याखाली दुसरी. दीड वर्षाचा कोर्स पुरा झाला की तुकडा घट्ट बसला. मधेच सोडलं की तो तिथूनच लोंबणार. नाव कोणी सांगायचं नाही. माझ्या वर्गात एक पेटी ठेवली, जिला जमेल तिने येता-जाता कापड टाकायचं. कोणाचा कोणता रंग ते फक्त रोहिणीला माहीत. ती महिन्याला एकदा येऊन सांगायची, "निळ्याला ओळ घाला. फुलाफुलाच्याला नको, ते थांबलंय." आणि बसलेल्या बायकांपैकी कोणीही कोणाचंही ठिगळ शिवायची.

पहिलं ठिगळ चिमाबाईने नथूच्या खाकी शर्टाचं लावलं. दोन ओळी घातल्या आणि सुई थांबवली. तो शर्ट सगळ्या चाळीने ओळखला. दम्याची गोष्ट तिने स्वतःच्या हाताने खोटी पाडली होती. बायका त्या लोंबणाऱ्या खाकी तुकड्याकडे बघत राहिल्या आणि एकीच्या डोळ्याला पाणी आलं. त्या कागदावरच्या पट्ट्यांनी जे झालं नव्हतं ते तिथे झालं. पुढच्या आठवड्यात पेटीत कापडं पडायला लागली.

आता कावेरीचं सांगते. सरुबाईच्या नवनाथची ती नवी बायको, उणीपुरी अठरा-एकोणीस वर्षांची. माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असायचं. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी घेतात ही आमच्याकडची हौस सरुबाईने माझ्याच घरी पाहिली आणि ती मागे राहणारी बाई नव्हे. तिने वापीच्या बाजारातून कावेरीसाठी काळी चंद्रकळा आणली, बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या खडीची. त्यांच्या गावाकडे काळं कोणी नेसत नसे, पण सरुबाईने सुनेला नटवून साऱ्या डोकमर्डीत मिरवलं. त्या सबंध चाळीत काळी साडी ती एवढीच.

उन्हाळ्यात कावेरीला खोकला धरला. नळावर चिमाबाईने तो ऐकला. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तिने गुपचूप तिला रोहिणीकडे नेलं. निघाला क्षयच. पोर रडून रडून अर्धी झाली. सासूला कळलं तर माहेरी धाडतील, आणि माहेरी औषध कुठलं? मग चिमाबाईनेच तोड काढली. कावेरी शिवण शिकायला म्हणून रोज तिच्या घरी यायची आणि तिच्या समोर बसून गोळ्या घ्यायची. गोळ्या चिमाबाईच्या पिठाच्या डब्यामागे. एकदा कावेरी म्हणाली की आता बरं वाटतं, खोकला गेला, तर चिमाबाईने माझ्यासमोर तिच्या फाडकन थोबाडीत दिली. मग तिलाच कुशीत घेऊन रडत बसली.

त्या दिवशी तिने मला सांगितलं. "बाई, नथूनं सोडलं नई. मीच सांगं व्हतं त्याले. खोकला थांबना ना, आते बस कर, गोया खाईसन आंग तापस तुनं. मीच सांगं."

एवढी वर्षं ती बाई ते पोटात घेऊन नळावर मोठमोठ्याने हसत होती.

पेटीत कापड टाकायची वेळ आली तेव्हा कावेरीची पंचाईत झाली. बाकीच्या बायकांकडे जुनेर होतं. नव्या नवरीकडे जुनं लुगडं कुठून येणार? असलेल्या चार साड्यांपैकी ज्या नेहमी नेसायच्या त्यांना कात्री लावली तर लगेच दिसलं असतं. चंद्रकळा ट्रंकेत होती, पुढच्या संक्रांतीपर्यंत कोणी बघणार नव्हतं. तिने आत खोचायच्या टोकाचा तुकडा कापला आणि पेटीत टाकला. पोरीने तिच्या अकलेने बरोबरच केलं. चूक आम्हा बाकीच्यांची. नाव नाही सांगायचं, नाव गुप्त ठेवायचं, असं आम्ही घोकत बसलो आणि एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही की जिथे सगळ्यांचे कपडे एकाच दोरीवर वाळतात तिथे कापड हेच नाव असतं. इतरांचे तुकडे ओळखले गेले होतेच, पण त्या बायका एकमेकींना सांभाळून होत्या. सरुबाई मात्र शिवायला कधी आली नव्हती.

ती आली हिवाळ्यात. रोहिणीने शाळेच्या अंगणात गोधडी दोन बांबूंवर उभी ताणून लावली होती. कारखान्यांतले पुरुष आले, आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं आली. वाऱ्याने लोंबणारी ठिगळं हलत होती आणि घट्ट बसलेली हलत नव्हती. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. नवनाथच्या पाळीतला एक जण नथूच्या खाकी तुकड्यापाशी उभा राहिला, त्याने तो दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "मीबी इथवरच खाल्ल्या व्हत्या." दुसऱ्या दिवशी तो रोहिणीच्या दारात उभा होता.

आणि सरुबाई काळ्या ठिगळापुढे उभी राहिली.

पांढरी खडी, काळं अंग, त्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या ओळी, निम्म्यापर्यंत आलेल्या. ते ठिगळ चांगलं चाललं होतं. सरुबाईने वळून सुनेकडे पाहिलं. अंगणातल्या बायकाही कावेरीकडे बघायला लागल्या, कारण काळी साडी कोणाची ते सगळ्यांना माहीत होतं. कावेरीचं तोंड पांढरंफटक पडलं. नवनाथ चार हातांवर उभा होता. आता काय होणार ते मला दिसत होतं. रात्रीच्या गाडीने पोर माहेरी जाणार, गोळ्या सुटणार आणि नथूच्या तुकड्याशेजारी आणखी एक तुकडा कायमचा लोंबणार. रोहिणीला बोलता येत नव्हतं, ती शब्दाने बांधलेली होती. कावेरीने तोंड उघडलं.

तेवढ्यात चिमाबाईने तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं आणि स्वतः पुढे आली.

"हाई ठिगय मनं शे," ती म्हणाली. नळावरच्या त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मले टीबी शे. नथूपासून लागना. मनाकडे विटकं पांढरं लुगडं, ते गोधडीवर दिसाव नई, म्हनीसन मी तुनी सूनकडथून तुकडा मांगी लिधा. ती नई म्हने. मीच बये कापा."

एका विधवेने नव्या सुवासिनीच्या संक्रांतीच्या साडीला जबरदस्तीने कात्री लावली, आणि तीही स्वतःला असला आजार असताना! बायका मागे सरल्या. खरं ओरडून सांगावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. चिमाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. तशी नजर तिची मी आधी कधी पाहिली नव्हती. मी जीभ चावली.

सरुबाई तिच्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मना घरना उंबरामा पाय ठेवू नको आते." आणि सुनेला घेऊन गेली.

संध्याकाळी मी चिमाबाईला फैलावर घेतलं. "डोकं फिरलंय का तुझं? आता तुझ्या हातची गोधडी कोण पांघरणार?"

"कोनी नई," ती म्हणाली. "पन ती पोर आठे ऱ्हायनी ना."

तसंच झालं. कोणी तिच्याकडे लुगडी टाकेना. ज्यांनी टाकली होती त्यांनी उचलून नेली. नळावर तिची कळशी सगळ्यात शेवटी. तिला क्षय नाही असं रोहिणीने चारदा सांगून पाहिलं, पण चिमाबाईने स्वतः भर अंगणात कबूल केलं होतं, तर डॉक्टरणीचं कोण ऐकतो? आणि चिमाबाई रोहिणीचंही बोलणं तोडायची, कारण ठिगळ तिचं नाही ठरलं तर मग ते कोणाचं, असा प्रश्न आलाच असता. पोट भरायला ती रांध्याला शेतमजुरीला जायला लागली, पावसाळ्यात भातलावणीला. गुडघाभर चिखलात वाकून संध्याकाळी परतायची. तिची बोटं सुईची होती, ती चिखलाने फुटली. मला बघवत नसे. मी कधी भाजी-आमटी नेऊन दिली तर घ्यायची, वर मलाच म्हणायची की आमटीत गूळ घालायचं तुमचं कोकणी वेड काही जाणार नाही.

कावेरीला तिच्या घरी जायची बंदी झाली, मग ती माझ्याकडे लिहा-वाचायला म्हणून यायला लागली. गोळ्यांचा डबा माझ्या पुस्तकांमागे आला. सरुबाईने त्याला हरकत घेतली नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. महिना भरला की चिमाबाई माझ्या खोलीत यायची आणि काळ्या ठिगळावर एक ओळ घालायची. हात फुटलेले, दोरा कातडीत अडकायचा, तरी टाके एकसारखे. पावसाळा संपता संपता शेवटची ओळ पडली. रोहिणीने तपासलं, पोर खणखणीत बरी झाली होती. चिमाबाईने ठिगळाच्या खालच्या कडेला बोट घालून पाहिलं. ते कुठूनच उचललं जात नव्हतं. तिने सुई गुंडाळून ठेवली आणि घरी गेली.

गोधडीच्या मधलं तोंड मात्र तिने उघडंच ठेवलं. अर्धीअधिक ठिगळं अजून लोंबत होती, इतक्यात जेवायला कसं घालू म्हणाली. गोधडी तशीच मुंबईला गेली. त्या पाटीवाल्यांना ते भोक म्हणजे वापरून फाटलेलं वाटलं असणार.

चिमाबाईच्या नशिबात मात्र काही बदललं नाही. कावेरी बरी झाली हे कोणाला सांगता येत नव्हतं, कारण चाळीच्या लेखी ती कधी आजारी नव्हतीच. मी वर्षभर देवाला शिव्या घालत होते. सरुबाईशी तर मी बोलणंच टाकलं होतं.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कावेरीला दिवस गेले होते, सातवा लागला होता. रविवारची सकाळ, अंगणात सगळी चाळ नळावर. सरुबाई घरातून निघाली, डोक्यावर कपड्यांचं मोठं बोचकं. नळ ओलांडून ती सरळ चिमाबाईच्या दारात गेली आणि बोचकं उंबऱ्याच्या आत ठेवलं. मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले.

"नातू येनार शे," सरुबाई म्हणाली. "त्यानी गोधडी शिवशी का?"

चिमाबाई मागे सरकली. "मना हातनी? लेकरुले? लोके काय म्हनतीन?"

"लोकेस्ले मी दखी लेसू." सरुबाईने बोचकं सोडलं. वरच काळी चंद्रकळा होती, एक टोक कापलेली. "ती साडी मीच लिधेल व्हती, चिमा. पोर रातभर खोकस ते सासूले ऐकू येस नई? मी काय आंधयी शे? त्या दिन लोकेस्पुढे खरं निंघतं तं मले तिले धाडनं पडतं. तू तुनं म्हनी दिनं. मंग मीबी गप ऱ्हायनी." तिने साडीचं कापलेलं टोक चिमाबाईपुढे धरलं. "दोन साल तुले भोगू दिनं."

सगळं अंगण ऐकत होतं आणि सगळ्यांनी ते ऐकावं म्हणूनच सरुबाई बोलत होती. सून दारात उभी राहून रडत होती. नळ तसाच वाहत होता, तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

चिमाबाईने चंद्रकळा मांडीवर घेतली, कापलेल्या कडेवरून हात फिरवला. मग तिने धंद्याचंच बोलणं काढलं. "चार दिन लागतीन. शेवट पोट भराना टाईमले तुना घरनी भाकर धाडजो. मना घरनी चालाव नई."

सरुबाई चिमाबाईच्याच चुलीपाशी गेली. टोपलीतली सकाळची भाकर उचलली, एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा चिमाबाईच्या हातावर ठेवला.

"हाईच टाक," ती म्हणाली. "मना नातूनी गोधडीमा तुनाच घरनी भाकर ऱ्हाई."